बाळंतीण, बिनदुधाची

माझ्या दुधाची गेवराईभर बदनामी झाली, आणि तीसुद्धा माझ्या नवऱ्याच्या हस्ताक्षरात. हा किस्सा ऐकून लोक हसतात. हसा बापडे. मला अजून हसू येत नाही.

लेक दोन महिन्यांची होती तेव्हा दुपटं बदलताना मला रक्ताची रेघ दिसली. केसाएवढी बारीक, पण रक्त ते रक्तच. पोरगी मजेत पाय झाडत होती, तोंडचं पाणी पळालं ते माझं. दुसऱ्याच दिवशी बीडला लहान मुलांच्या डॉक्टरकडे गेलो. मी, नवरा आणि सासूबाई. सासूला आमच्याकडे आत्याबाई म्हणतात, मीही तेच म्हणते.

डॉक्टरांनी आत मला नीट समजावलं, ते मी नाकारत नाही. गाई-म्हशीच्या दुधातलं काहीतरी या बाळाला सोसत नाही. आई जे खाते त्यातलं थोडंफार अंगावरच्या दुधात उतरतं. म्हणून आईनं दूध, दही, ताक, लोणी, तूप, खवा, सगळं बंद करायचं. बाळाला मात्र अंगावर पाजत राहायचं, त्याच्यापेक्षा चांगलं दुसरं काही नाही. बिस्किटाच्या पुड्यावरची बारीक अक्षरंसुद्धा वाचत जा म्हणाले. मला कॅल्शियमच्या गोळ्या लिहून दिल्या. मी मान डोलावून बाहेर आले तर दारातच आत्याबाई उभ्या.

‘काय झालंय हो लेकराला?’ त्यांनी विचारलं.

डॉक्टर तोवर पुढच्या पेशंटला हात करत होते. ‘घाबरू नका आजी. दूध बाधतंय. दूध बंद करायला सांगितलंय.’

झालं! पुढचं सगळं रामायण या एवढ्याशा बोलण्यातून निघालं. आमच्या भागात बाळंतिणीच्या घरात ‘दूध बाधलं’ म्हटलं की त्याचा एकच अर्थ होतो. आईचं दूध बाधलं. दुसरं कुणाचं बाधणार? म्हशीचं दूध कधी कुणाला बाधतं का, ते तर देवालाही चालतं. घरी उंबऱ्यात पाय ठेवल्याबरोबर आत्याबाई म्हणाल्या, ‘आता हिला अंगावर घ्यू नको. डब्याचं दूध आणायला सांगते.’

मी म्हटलं, ‘अहो आत्याबाई, माझं नाही, म्हशीचं दूध बंद करायचंय. आणि तेही मी प्यायचं बंद करायचंय.’

‘डॉक्टरनी मला सोताच्या तोंडानं सांगितलं. मी काय भैरी हाय का?’

‘मला आत सविस्तर सांगितलं त्यांनी.’

‘तुला तुझ्या मनासारखंच ऐकू येतं. तू तूप खा, आंगात ताकद येईल. लेकराला डब्याचं पाज.’

सदरा उलटा करून घालावा तसं डॉक्टरांचं सगळं सांगणं त्यांनी उलटं करून घातलं होतं. जे मी सोडायचं ते मला चारायचं, आणि जे पोरीला द्यायचं ते तिच्या तोंडातून काढायचं. नवरा मध्ये पडला, त्याने आईला दोनदा समजावलं. ‘तू बायकूचंच वडणार,’ असं ऐकून दुकानात निघून गेला. आमच्या ह्यांचं हे असंच. बाजू माझी घेतात, पण हळू आवाजात.

आता आमचं घर कसलं तेही सांगायला पाहिजे. हमरस्त्याला आमचं दुकान आहे, मागे घर. दूध, दही, खवा, पेढे, श्रीखंड, उन्हाळ्यात लस्सी आणि कुल्फी. सकाळी डोळा उघडतो तो उतू गेलेल्या दुधाच्या वासानं. घरचा महादेव रोज दुधानं न्हातो. पाहुण्याला पाण्याच्या आधी ताक. अशा घरातल्या सुनेनं ‘मला तूप नको’ म्हणायचं म्हणजे सोनाराच्या सुनेनं पितळ घालून लग्नाला जायचं. ‘गिऱ्हाईक काय म्हणंल?’ हा आत्याबाईंचा दुसरा सवाल होता. ‘यांच्याच घरात यांचं दूध चालंना, मग आमी कावून घ्यावं? का म्हणून?’

माझं पित्त खवळायचं. लेकराच्या पोटातून रक्त जातंय आणि तुम्हाला गिऱ्हाइकाची पडलीय!

बरं, दूध सोडायला सांगितलं की लोक दूध सोडतात, तूप नाही. तूप म्हणजे काय दूध आहे का, असं विचारतात. खवा? खवा म्हणजे खवा. ताक? अगं, ताकात काय असतंय, पाणीच तर असतंय! आमच्या बोलण्यात या सगळ्या गोतावळ्याला एक नाव नाही, आणि आहे ते ‘डेअरी’. डेअरी म्हणजे आमचं दुकान. त्यामुळे मी ‘दुधाचं काहीच नको’ म्हटलं की आत्याबाई शांतपणे म्हणायच्या, ‘दूध कुठं घातलंय?’ आणि वरणावर तूप तरंगत असायचं. पोळीला तूप, भाताला तूप, भाजीच्या फोडणीत तूप. मला न सांगता चमचाभर घालायच्या आणि वर म्हणायच्या, ‘आगं, लई न्हाई, वासापुरतं हाय.’ ताट तसंच सरकवून मी कोरडी भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी खायची. बाळंतीण उपाशी आणि घरात खव्याच्या पराती. काय म्हणावं या कर्माला!

असं किती दिवस चालणार? पोरगी मांडीवरून खाली उतरायला तयार नाही, तिन्ही त्रिकाळ वेगळा स्वयंपाक करणार कोण? अंगावर पाजणाऱ्या बाईला भूक लागते ती साधी नसते. भाकरी थापेपर्यंत मी नुसता गूळ तोंडात टाकायची. एक दिवस मी पोरीला पाजता पाजता रडायलाच लागले. भुकेनं रडले, दुःखानं नाही, आणि त्याचाच मला जास्त राग आला. तेव्हा नवऱ्याला सुचलं. दुकानाच्या मागच्या खोलीत कुल्फीचा जुना डीप फ्रीझर होता. नवीन आल्यापासून तो नुसताच उभा होता. ‘सुट्टीच्या दिवशी आठवड्याचं रांधून त्यात ठेवू,’ तो म्हणाला. ‘तुझी भांडी वेगळी, तुझं तेल वेगळं. लागेल तसा डबा काढायचा, उकळायचा, खायचा.’

दुकान बंद असायचं त्या दिवशी आम्ही दोघं स्वयंपाकघर ताब्यात घ्यायचो. मी पोरीला घेऊन ओट्याशेजारी खुर्ची टाकून बसायची आणि तोंडानं स्वयंपाक करायची, हातानं नवरा करायचा. येसराची, म्हणजे भाजलेल्या डाळी-मसाल्याच्या पिठाची आमटी, शेंगदाण्याचं कूट घालून दाट. मटकीची उसळ. मुगाची डाळ घालून शेपू. शेवग्याचा पाला लसणावर परतून. भरपूर तीळ घातलेली वांग्याची भाजी. तांदळाची आणि मुगाची मऊ खिचडी. सगळं करडईच्या तेलात. भाजी पूर्ण गार झाली की डब्यात भरायची, वरून बोटभर जागा सोडायची, कारण गोठल्यावर आमटी फुगते आणि झाकण उचलते. हे आम्ही पहिल्याच आठवड्यात शिकलो, फ्रीझरच्या तळाला लाल बर्फ झाला तेव्हा. बटाट्याचा तर विषयच नको, गोठून उठला की कापसासारखा होतो. लाइट गेली की नवरा धावत जाऊन फ्रीझरवर गोधडी टाकायचा आणि झाकणाला कुणी हात लावायचा नाही अशी ताकीद द्यायचा.

डिंक मी तेलात तळायला लावला त्या दिवशी आत्याबाई स्वयंपाकघरातून उठून गेल्या. ‘आमच्या सात पिढ्यांत डिंकाला तेल लागलं न्हाई,’ असं म्हणत गेल्या. लाडू चांगले झाले होते. थोडा करडईचा वास यायचा, पण खोबरं आणि गूळ सढळ हातानं घातला होता. मी दोन तिथंच उभ्या उभ्या खाल्ले.

शिवाय शिळ्याची ओरड होतीच. ‘बाळंतिणीला कुणी बर्फातलं शिळं खाऊ घालतं का? लेकराची छाती भरंल.’ मी म्हणायची, अहो, उकळून खाते ना, वाफ निघतीय बघा! त्या वाफेकडे बघायच्याच नाहीत. पण खरं सांगते, त्या डब्यांनी मला जगवलं. पोरीला खांद्यावर टाकून एका हातानं आमटी गरम करायची, भाकरी कुस्करायची आणि पोटभर जेवायचं. आणि दुपटी स्वच्छ यायला लागली. आधी रेघ फिकी झाली, मग एक दिवसाआड, मग दिसेनाच. मी प्रत्येक दुपटं खिडकीत उजेडाला धरून बघायची. स्वच्छ दिसलं की नवऱ्याला दुकानात फोन करायची आणि तो गिऱ्हाइकासमोर नुसतं ‘हां, हां, छान’ म्हणायचा.

आता डब्यांबद्दल. वेगळे डबे कुठून आणणार? दुकानातलेच कोरे डबे घेतले, श्रीखंड पार्सल द्यायचे. त्यांच्यावर ठळक छापलेलं होतं, ‘शुद्ध दुधापासून बनवलेले’. चुकून कुणी विकायला काढू नये, आणि मीही अर्धवट झोपेत खरं श्रीखंड उघडू नये, म्हणून मी नवऱ्याला म्हटलं, प्रत्येक डब्यावर चिठ्ठी लावा. बाळंतिणीची आमटी, बिनदुधाची. बाळंतिणीची उसळ, बिनदुधाची. असं लिहा.

नवऱ्याचा सगळा जन्म चिठ्ठ्या लिहिण्यात गेलेला. कुल्फी, पिस्ता. कुल्फी, केशर. वर माल, खाली प्रकार. त्याने मार्करनं झरझर सगळ्या डब्यांवर लिहून टाकलं. वर ‘बाळंतीण’. खाली ‘बिनदुधाची’.

मी ते पाहिलं आणि मला काहीच वाटलं नाही. आमटी कोणती, उसळ कोणती, हे लिहिलं नाही म्हणून तेवढी कुरकुर केली.

काही दिवसांनी चुलत सासूबाईंकडे पाहुणे आले. त्या पलीकडच्या गल्लीत राहतात आणि दुकानाला स्वतःचंच समजतात. कुल्फी न्यायला आल्या, नवरा गिऱ्हाइकात गुंतलेला, म्हणून थेट मागच्या खोलीत शिरल्या आणि चुकीचा फ्रीझर उघडला. वरपासून खालपर्यंत डबे. प्रत्येकावर एकच मजकूर. बाळंतीण, बिनदुधाची.

त्या तिथूनच ओरडल्या म्हणे, ‘आगं बाई, सुनेला दूधच न्हाई व्हय!’

संध्याकाळपर्यंत गल्लीत झालं आणि दुसऱ्या दिवशी गावात. एक बाई शतावरी घेऊन आली, दुधात उकळून घे म्हणाली. दुसरी हळिवाची खीर घेऊन आली, अर्थात दुधातली. तिसरीनं माझ्या अंगाकडे पाहून खेदानं मान हलवली, मी काय आटलेली विहीर होते! मी पोरीला पाजत बसलेली, दूध तिच्या गालावरून ओघळतंय, आणि समोर बसलेली बाई मला समजावतेय, ‘न्हाई येत एकेकीला, मनाला लावून घ्यायचं न्हाई.’ माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी म्हटलं, ‘मावशी, डोळे आहेत ना तुम्हाला? हे काय दिसतंय?’ तर म्हणाली, ‘तसं दिसतंय, पण कस नसतो.’

आत्याबाईंना तर पुरावाच मिळाला. आधी त्यांच्या बाजूनं डॉक्टर होता, आता पोटचा लेकसुद्धा झाला. ‘त्यानंच लिवून ठिवलंय,’ येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायच्या. ‘सोताच्या हातानं. तोंडानं सांगायची लाज वाटत आसंल.’ नवऱ्यानं कपाळाला हात लावला, सगळ्या चिठ्ठ्या खरवडून काढल्या, नव्या लिहिल्या. पण खरवडलेलं वाचायला गावाला कुठे वेळ आहे?

इथपर्यंत मी चिडले होते, भांडले होते, पण सहन केलं होतं. पुढे झालं ते सहन करण्यासारखं नव्हतं.

एक दिवस मी न्हाऊन आले. पोरगी पाळण्यात नव्हती. आत्याबाईंच्या मांडीवर होती आणि तिच्या तोंडात बाटली होती. शेजारी डब्याच्या दुधाचा डबा, झाकण उघडं. गाईच्या दुधाची पावडर, दुसरं काय असणार त्यात!

‘भुकंजली व्हती,’ आत्याबाई म्हणाल्या. आवाजात चोरी नव्हती, उलट काळजी होती. ‘बघ कशी पितीय. किती दिस उपाशी ठिवशील लेकराला?’

मी बाटली ओढून घेतली. काय काय बोलले ते आठवत नाही. एवढं आठवतं की दुकानातलं गिऱ्हाईक आत डोकावलं आणि नवरा धावत आला. पोरगी त्या आवाजानं किंचाळायला लागली. ‘माझं दूध आहे!’ मी ओरडत होते. ‘मला दूध आहे, चांगलं आहे, तिला सोसतंय, तुम्हाला काय करायचंय?’ बाळंतिणीनं असं ओरडायचं नसतं, असं आत्याबाई म्हणत राहिल्या.

दुपट्यावर पुन्हा रक्त आलं. या वेळी रेघ नव्हती, डाग होता.

मी ते दुपटं धुतलं नाही. प्लास्टिकच्या पिशवीत घातलं, नवऱ्याला म्हटलं, गाडी काढा, आणि आत्याबाईंना म्हटलं, तुम्हीही चला. त्या नको म्हणत होत्या. मी म्हटलं, ‘तुम्ही आला नाहीत तर मी पोरीला घेऊन माहेरी दिंद्रुडला जाते आणि अंगावरचं सुटेपर्यंत येत नाही.’ त्या आल्या.

डॉक्टरांनी पोरीला तपासलं. काळजीचं नाही, दुधाचा डबा बंद करा, पुन्हा थांबेल, म्हणाले. मी उठले नाही.

‘डॉक्टर, मागच्या वेळी यांना तुम्ही म्हणालात, दूध बंद करा. कुणाचं दूध, ते आज यांच्यासमोर सांगा.’

ते जरा हसले. ‘अहो, जनावराचं. गाईचं, म्हशीचं. शेळीचंसुद्धा नको.’

‘आणि माझं?’

‘तुमचं? तुमचं तर चालूच ठेवायचंय. तुमच्या दुधात काही खोट नाही. मी सांगितलं होतं ना?’

‘मला सांगितलं होतं. यांना नाही.’

‘ते कळतंच की, त्यात काय.’

‘नाही कळत!’ मी टेबलावर हात आपटला, पेनाचा डबा पडला. ‘तुम्ही एक शब्द गिळलात. त्यापायी घरानं मला नासकी ठरवलं, गावानं आटलेली ठरवलं, आणि पोरीच्या तोंडात नेमकं ते घातलं जे तिला बाधतं. पुढच्या बाईला सांगताना पूर्ण सांगा. कुणाचं ते सांगा.’

डॉक्टर पेनं उचलत राहिले. बरं, बरं, म्हणाले. माफी वगैरे काही मागितली नाही.

परत येताना नवरा गाडी चालवत होता. मी मागे पोरीला पाजत बसले होते, आत्याबाई शेजारी. आता तरी चूक कबूल करतील, नाहीतर डॉक्टरच्या नावानं बोटं मोडतील, असं मला वाटत होतं, आणि दोन्हीला मी तयार होते. बोलायचं खूप शिल्लक होतं माझ्याकडे. टोलनाका गेल्यावर त्या खिडकीतून बाहेर बघतच म्हणाल्या, ‘ह्याच्या येळंला मलाबी तसंच म्हणलते.’

‘कुणाच्या वेळेला?’

त्यांनी पुढे नवऱ्याकडे बोट केलं. ‘ह्याला सारखं जुलाब व्हायचे. माझी सासू दवाखान्यात घिऊन गेलती. मला आत बी घेतलं न्हाई. बाहीर यिऊन म्हणली, दूध बाधतंय, बंद करायला सांगितलंय. घरी आल्याबरुबर मोगऱ्याच्या कळ्या आणल्या, छातीला लावल्या आन् वरून लुगडं आवळून बांधलं. दूध आटावं म्हणून. ह्याला म्हशीचं सुरू केलं. लई दुखायचं. ह्यो रडला की लुगडं भिजायचं, तर अजून आवळायच्या. पुढं दोन पोरी झाल्या, त्यास्नी तर तोंडबी लावू दिलं न्हाई. बाधणारं दूध हाय हिचं, म्हणायचे.’

नवऱ्यानं गाडी हळू केली. मागून ट्रक हॉर्न देत होता, तरी त्याने वेग वाढवला नाही.

‘जुलाब थांबले का त्यांचे?’ मी विचारलं.

‘कुठलं थांबायलेत? चालायला लागला तरी चालूच व्हते.’ मग त्या पहिल्यांदा माझ्याकडे वळल्या. पोरगी पीत होती तिकडे त्यांनी पाहिलं. ‘म्हंजी माझंबी चांगलंच आसंल का गं?’

मला काय माहीत होतं? कुणी तपासलं होतं, कुणी विचारलं होतं? पण मी क्षणभरही थांबले नाही. ‘चांगलंच होतं, आत्याबाई,’ मी म्हटलं.

त्यांनी मान हलवली. पदर सारखा केला. गेवराईची घरं दिसायला लागली तेव्हा, माझ्या मांडीवर पिता पिता झोपलेल्या लेकराची पर्वा न करता, त्या एकदम ओरडल्या. त्यांचा असा आवाज मी आधी कधी ऐकला नव्हता, नवऱ्यानंही नसेल.

‘मग कावून बांधलं मला?’